आठव्या हेन्रीनं पोपशी फारकत का घेतली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या पुस्तकात हा सगळा प्रकार दोन ओळींत उरकलेला असतो. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला राणीला सोडून दुसरं लग्न करायचं होतं, पोपनं परवानगी दिली नाही, म्हणून त्यानं स्वतःचं वेगळं चर्च काढलं. या दोन ओळी खोट्या नाहीत. पण त्या वाचल्यावर जे प्रश्न पडतात ते विद्यार्थी विचारतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे विचारतात, आणि लंडनचा टॉवर बघून आलेले नातेवाईक तर हमखास विचारतात. त्यांतले बरेचसे इथे एकत्र केले आहेत.

एका बाईपायी एवढं सगळं झालं, हे खरं का?

सुरुवात तिच्यापासून झाली, हे खरं. हेन्री अ‍ॅन बोलिनच्या प्रेमात आकंठ बुडाला होता. त्यानं तिला लिहिलेली १७ प्रेमपत्रं आजही शिल्लक आहेत, आणि ती आहेत कुठे, तर थेट व्हॅटिकनच्या ग्रंथालयात! पण राजाला एखादी बाई आवडली तर तेवढ्यासाठी देशाचा धर्म बदलावा लागत नसे. हेन्रीची याआधीही प्रकरणं झाली होती, एका प्रकरणातून १५१९ मध्ये मुलगाही झाला होता, आणि त्याबद्दल रोमनं चकार शब्द काढला नव्हता. या वेळी त्याला हवा होता औरस मुलगा, म्हणजे बायको रीतसर हवी, म्हणजे आधीचं लग्न मुळात झालंच नव्हतं असा निवाडा हवा. तो निवाडा देण्याचा अधिकार लंडनमध्ये कुणालाच नव्हता. माझ्या मते सगळ्या भांडणाची मेख इथे आहे.

औरस मुलगा नसणं एवढं गंभीर होतं? मुलगी होती ना?

होती. मेरी, जन्म १५१६ चा. पण हेन्रीच्या बापानं गादी मिळवली ती १४८५ मध्ये, रणांगणावर. घराणं नवं, त्याआधीची तीस वर्षं भाऊबंदकीत गेलेली. इंग्लंडमध्ये स्त्रीनं स्वतःच्या हक्कानं राज्य करण्याचा प्रयत्न बाराव्या शतकात एकदा झाला होता, आणि त्याची आठवण होती ती यादवीची. हेन्रीची राणी कॅथरिन हिला मुलं झाली, गेली. १५११ च्या १ जानेवारीला जन्मलेला मुलगा ५२ दिवस जगला. त्याच्या जन्माचे उत्सव संपतात न संपतात तोच त्याला पुरायची वेळ आली. १५२७ साली राणी ४१ वर्षांची होती आणि आता मूल होण्याची आशा कुणालाच नव्हती.

(पुढे गादीवर आलेल्या दोघी बायकाच, आणि त्यांतली एक चव्वेचाळीस वर्षं राज्य करून गेली, हा काळानं उगवलेला सूड म्हणायचा. हेन्रीला तो दिसणं शक्य नव्हतं.)

कॅथरिनशी लग्न मोडायला कारण काय दाखवलं?

ती त्याची भावजय होती. स्पेनच्या अ‍ॅरागॉनची ही राजकन्या हेन्रीच्या थोरल्या भावाला, आर्थरला, नोव्हेंबर १५०१ मध्ये दिली होती. पाच महिन्यांत आर्थर वारला. सून परत पाठवायची तर हुंड्याचा वाद आणि स्पेनशी सोयरीक तुटणार. म्हणून धाकट्या दिराशी तिचं लग्न लावायचं ठरलं. चर्चच्या नियमात ते बसत नव्हतं, त्यामुळे पोप दुसरा ज्युलियस याच्याकडून खास सवलत घेतली गेली. लग्न झालं १५०९ मध्ये. तेव्हा हेन्री अठराचाही नव्हता.

अठरा वर्षं संसार केल्यावर त्याला बायबलमधलं ‘लेवीय’ हे पुस्तक आठवलं. त्याच्या २० व्या अध्यायात म्हटलंय की भावाच्या बायकोशी जो लग्न करेल तो निःसंतान राहील. हेन्रीनं ‘निःसंतान’चा अर्थ ‘मुलगा नसलेला’ असा लावून घेतला. आपलं लग्न देवानंच शापलंय, आणि देवाच्या नियमाला सवलत देण्याचा अधिकार पोपला नाही, असा त्याचा युक्तिवाद.

अडचण अशी की त्याच बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात, २५ व्या अध्यायात, बरोबर उलट सांगितलंय. भाऊ निपुत्रिक मेला तर त्याच्या विधवेशी दिरानं लग्न करावं, ते त्याचं कर्तव्यच. दोन्ही बाजूंच्या पंडितांना पुढची काही वर्षं या दोन वचनांनी भरपूर काम पुरवलं.

हेन्रीला खरंच तसं वाटत होतं, की हे नुसतं निमित्त?

दोन्ही. स्वतःला सोयीचं ते देवाला मान्य असणारच, अशी खात्री असलेली माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. हेन्री त्यांतला शिरोमणी. एक तपशील मात्र त्याच्या सचोटीला जरा अडचणीत आणतो. अ‍ॅनची बहीण मेरी बोलिन हिच्याशी त्याचे आधी संबंध होते. चर्चच्या हिशेबात त्यामुळे अ‍ॅनशीही जवळपास तसंच निषिद्ध नातं तयार होत होतं. तेव्हा त्यानं १५२७ मध्ये पोपकडे त्यासाठी सवलत मागितली. म्हणजे भावाच्या बायकोसाठी पोप सवलत देऊ शकत नाही, पण आधीच्या मैत्रिणीच्या बहिणीसाठी देऊ शकतो!

पोपनं नकार का दिला? तत्त्वासाठी?

नकार दिला असता तर प्रकरण लवकर मिटलं असतं. सातव्या क्लेमंटनं सहा वर्षं ‘हो’ही म्हटलं नाही आणि ‘नाही’ही म्हटलं नाही.

हेन्रीची अपेक्षा अवास्तव नव्हती, हे आधी लक्षात घ्या. राजघराण्यातली लग्नं रोम नेहमीच रद्द करत असे. फ्रान्सच्या बाराव्या लुईचं केलं होतं. खुद्द हेन्रीच्या बहिणीचं, मार्गारेटचं, लग्न १५२७ मध्ये याच क्लेमंटच्या काळात रद्द झालं होतं. मग हेन्रीचंच घोडं कुठे पेंड खात होतं?

६ मे १५२७ ला सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पगार थकलेल्या फौजेनं रोम शहर लुटलं. पोप सांतांजेलोच्या किल्ल्यात कोंडला गेला. आता नातं पाहा. चार्ल्सची आई आणि कॅथरिन सख्ख्या बहिणी, म्हणजे कॅथरिन ही सम्राटाची मावशी. ज्याच्या सैन्यानं आपल्याला कोंडून ठेवलं त्याच्या मावशीला ‘तुझं लग्न झालंच नव्हतं, तू अठरा वर्षं नुसती राहिलीस’ असं कोणता पोप सांगेल? वर्षअखेरीस क्लेमंट निसटून ओर्विएतोला गेला. १५२८ मध्ये हेन्रीचे वकील त्याला भेटायला तिथे पोहोचले तेव्हा त्यांना ओक्याबोक्या खोल्या ओलांडत आत जावं लागलं. भिंतींवर पडदे नाहीत, छत ठिकठिकाणी कोसळलेलं, पोपच्या बिछान्याचीही अवस्था केविलवाणी. सगळ्या ख्रिस्ती जगाचा सर्वोच्च न्यायाधीश तो हा.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. हेन्री नुसतं लग्न रद्द करून मागत नव्हता. आधीच्या पोपनं दिलेली सवलत अधिकाराबाहेरची होती, हे त्याला वदवून घ्यायचं होतं. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर जर्मनीत पोपच्या अधिकारावर घाव घालत असताना पोपनंच तसं कबूल करायचं, हे क्लेमंटला परवडणारं नव्हतं.

राणीनं काही केलं नाही का?

केलं, आणि या कथेतली सगळ्यात खणखणीत वागणूक तिचीच. १५२९ च्या उन्हाळ्यात लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स मठात दोन कार्डिनलांसमोर, म्हणजे पोपच्या खालोखालच्या धर्माधिकाऱ्यांसमोर, खटला उभा राहिला. एक इंग्लंडचा वुल्सी, हेन्रीचा मुख्य मंत्री; दुसरा रोमहून आलेला कांपेज्जो. संधिवातानं बेजार झालेला हा दुसरा गृहस्थ वाटेत होता होईल तेवढा वेळ काढत आला होता, कारण त्याला तशाच सूचना होत्या. राजा-राणी दोघांना नावानं पुकारलं गेलं. नाव पुकारताच कॅथरिन न्यायाधीशांकडे गेलीच नाही. ती उठली, भरलेल्या दालनातून वाट काढत थेट राजाच्या आसनापाशी गेली आणि गुडघे टेकून बसली. आपल्या परक्या उच्चारांच्या इंग्रजीत तिनं त्याला सुनावलं की वीस वर्षं मी तुमची धर्मपत्नी आहे, तुमच्याकडे आले तेव्हा मी कुमारिका होते, आणि हे खरं की खोटं ते तुमच्या मनाला विचारा. राजा गप्प. मग या कोर्टाकडून मला न्याय मिळणार नाही, मी रोमकडे दाद मागते, असं सांगून ती उठली आणि चालू लागली. मागून पुन्हा पुन्हा पुकारा झाला. ती वळली नाही.

त्याच जून महिन्यात पोपनं सम्राटाशी तह केला. जुलैत कांपेज्जोनं कामकाज तहकूब केलं, कारण काय, तर रोमच्या न्यायालयांना सुट्टी लागते! खटला रोमला वर्ग झाला. ‘तारीख पे तारीख’ ऐकलेल्या आपल्याला हेन्रीचा संताप समजायला जड जाऊ नये.

मग पोपलाच बाजूला सारायची कल्पना कुणाची?

एका माणसाची नाही आणि एका दिवसाचीही नाही. वुल्सीला काढून टाकल्यावर दोन-तीन वर्षं दरबार नुसता चाचपडत होता. थॉमस क्रॅनमर नावाच्या केंब्रिजच्या अध्यापकानं सुचवलं की हा कोर्टाचा नव्हे, शास्त्रार्थाचा प्रश्न आहे, विद्यापीठांना विचारा. पॅरिस, बोलोन्या, पादुआ इथून अनुकूल अभिप्राय आणले गेले. काही ठिकाणी पैसा पाण्यासारखा ओतून. १५३० मध्ये इंग्लंडच्या सरदारांनी आणि धर्माधिकाऱ्यांनी ऐंशीच्या वर मोहरा लटकवलेलं एक लांबलचक निवेदन पोपला पाठवलं. ते आजही तिथल्या दप्तरखान्यात आहे. पोप ढिम्म.

मग मोर्चा वळला घरच्या धर्मगुरूंकडे. चौदाव्या शतकातला एक जुना कायदा उकरून काढला गेला. राजाच्या न्यायालयांना डावलून बाहेरच्या सत्तेचा अंमल चालवणं हा त्या कायद्यानं गुन्हा. १५३१ मध्ये अख्ख्या धर्मगुरुवर्गावर तोच आरोप ठेवला. माफीची किंमत एकट्या कँटरबरीच्या प्रांतासाठी एक लाख पौंड, शिवाय राजाला चर्चचा ‘सर्वोच्च प्रमुख’ मानायचं. ‘ख्रिस्ताच्या कायद्यात बसेल तेवढंच’ अशी पुस्ती जोडून ठराव सभेपुढे आला. म्हाताऱ्या आर्चबिशप वॉरमनं विचारलं, कुणाला काही म्हणायचंय? सगळे चूप. मौन म्हणजे संमती, असं तो म्हणाला. त्यावर कुणीतरी उत्तर दिलं, मग आम्ही सगळे मौनात आहोत.

खरा घाव मात्र १५३३ चा. हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं मसुदा केलेला अपिलांचा कायदा. परीक्षेला बसणाऱ्यांना राजाला चर्चचा प्रमुख ठरवणारा १५३४ चा ‘सर्वोच्चतेचा कायदा’ पाठ असतो, पण माझ्या मते त्याआधीचा हाच महत्त्वाचा. त्याच्या प्रस्तावनेत म्हटलंय की इंग्लंड हे साम्राज्य आहे. इथे साम्राज्य म्हणजे जिंकलेल्या मुलखांचा पसारा नव्हे. ज्याच्या डोक्यावर देवाखेरीज दुसरा कुणी नाही असं राज्य, असा तो शब्द. म्हणून लग्न, वारसा, मृत्युपत्र यांचे निकाल इथेच लागतील, रोमकडे अपील नाही. कॅथरिननं ज्या वाटेनं दाद मागितली होती ती वाटच बुजवून टाकली.

घाई किती होती पाहा. जानेवारी १५३३ मध्ये अ‍ॅनशी गुपचूप लग्न, कारण तिला दिवस गेले होते. मार्च अखेरीस क्रॅनमर आर्चबिशप. वसंतात कायदा मंजूर. २३ मे रोजी डन्स्टेबलला क्रॅनमरनं कॅथरिनचं लग्न रद्दबातल ठरवलं. १ जूनला अ‍ॅनचा राज्याभिषेक. ७ सप्टेंबरला बाळ झालं. मुलगी.

घटस्फोट म्हणायचं की लग्न रद्द होणं?

लग्न रद्द होणं. मराठीत आपण सरसकट घटस्फोट म्हणतो, पण काडीमोड म्हणजे झालेलं लग्न मोडणं. हेन्रीला हवं होतं ते ‘लग्न झालंच नव्हतं’ हे. त्यामुळे मेरी एका रात्रीत अनौरस ठरली. तीन वर्षांनी अ‍ॅनचं लग्नही रद्द झालं आणि तिची मुलगी एलिझाबेथही त्याच पंक्तीत जाऊन बसली.

पैशाचा भाग किती होता?

सुरुवातीला कमी, नंतर प्रचंड. नव्या बिशपनं पहिल्या वर्षाचं उत्पन्न रोमला पाठवायची पद्धत होती. १५३२ मध्ये ते थांबवण्याची धमकी पोपला वाकवण्यासाठी दिली गेली. पोप वाकला नाही. तेव्हा १५३४ मध्ये हा पैसा राजाकडे वळवला, वर दरवर्षी उत्पन्नाचा दहावा हिस्साही लावला. धर्मगुरूंना वाटलं होतं की रोमचा जाच गेला. त्यांच्या हाती आला तो जास्त जवळचा आणि जास्त कडक वसुली करणारा मालक.

मग मठ. १५३५ मध्ये सगळ्या देशातल्या चर्चच्या मालमत्तेची मोजणी झाली, १५३६ मध्ये वर्षाला २०० पौंडांपेक्षा कमी उत्पन्न असलेले मठ गेले, १५४० पर्यंत उरलेले सगळे. आठशेच्या आसपास मठ चार-पाच वर्षांत पुसले गेले. छतांवरचं शिसं काढून तिथल्या तिथे वितळवलं जाई. जाळायला मठातलंच लाकूड. यॉर्कशरमध्ये फाउंटन्स मठाचे छप्पर नसलेले खांब आज पर्यटक बघतात, ते त्यातलेच. जमिनी सरदार, वकील, व्यापारी यांनी विकत घेतल्या, आणि एकदा का सातबाऱ्यावर नाव चढलं की धर्म कोणताही येवो, जमीन कोण परत देतो? हेन्रीची मुलगी मेरी कट्टर कॅथलिक. १५५३ मध्ये गादीवर येऊन तिनं पोपला परत आणलं, पण मठांच्या जमिनी तिलाही परत मिळवता आल्या नाहीत. रोमनंही त्यावर पाणी सोडलं.

म्हणजे हेन्री प्रोटेस्टंट झाला?

नाही, आणि ही सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक. १५२१ मध्ये त्यानं ल्यूथरविरुद्ध सात संस्कारांच्या बाजूनं लॅटिन पुस्तक लिहिलं होतं आणि पोप दहाव्या लिओनं खूश होऊन त्याला ‘धर्मरक्षक’ हा किताब दिला होता. पोप गेला तरी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) राहिली, पापनिवेदन राहिलं, धर्मगुरूंचं ब्रह्मचर्य राहिलं. १५३९ च्या सहा कलमांच्या कायद्यानं ते सक्तीचं केलं. क्रॅनमरची पंचाईत झाली, कारण त्यानं जर्मनीत चोरून लग्न केलं होतं. बायकोला मुकाट्यानं माहेरी रवाना करावं लागलं.

३० जुलै १५४० चा एक प्रसंग पुरेसा आहे. लंडनच्या स्मिथफील्डमध्ये त्या दिवशी सहा जणांना मारलं. तिघे पोपला मानत होते म्हणून राजद्रोही, त्यांना फाशी देऊन तुकडे केले. तिघे ल्यूथरच्या विचारांचे म्हणून पाखंडी, त्यांना जिवंत जाळलं. वधस्थानी फरफटत नेताना प्रत्येक फळीवर एक या बाजूचा आणि एक त्या बाजूचा असे जोडीनं बांधले होते.

कुणी विरोध केला नाही?

केला, आणि डोकी गमावली. रॉचेस्टरचे बिशप जॉन फिशर आणि माजी चॅन्सेलर (राजाचे वरिष्ठ मंत्री) थॉमस मोर यांना १५३५ च्या उन्हाळ्यात दोन आठवड्यांच्या अंतरानं मारलं. गादीचा वारस कोण असावा हे संसद ठरवू शकते, हे मोरला मान्य होतं. पण पोपचा अधिकार नाकारणाऱ्या शपथेवर तो सही करेना, आणि का करत नाही हेही सांगेना. उत्तरेत १५३६ मध्ये तीस हजारांच्या घरात माणसं ख्रिस्ताच्या पाच जखमांचा झेंडा घेऊन उठली. त्यांचा पुढारी रॉबर्ट आस्क हा वकील. राजानं आश्वासनं देऊन जमाव घरी पाठवला आणि पुढच्या वर्षी आस्कला यॉर्कमध्ये साखळ्यांनी लटकवलं.

इतर राजांनी असं का केलं नाही?

काहींनी केलं. स्वीडनच्या गुस्ताव्ह वासानं १५२७ मध्ये, डेन्मार्कच्या तिसऱ्या ख्रिश्चननं १५३६ मध्ये. दोघांचीही तिजोरी रिकामी होती. पण ज्यांना हवं ते न भांडता मिळत होतं त्यांनी भांडावं कशाला? फ्रान्सच्या राजाला १५१६ च्या करारानं आपल्या देशातले बिशप नेमायचा हक्क मिळालेलाच होता. स्पेन-पोर्तुगालला तर त्याहून जास्त.

इथे आपला थेट संबंध येतो. पोर्तुगालच्या राजाला पोपनं ‘पाद्रोआदो’ दिला होता. चर्चं बांधा, धर्मगुरूंचा खर्च उचला, मोबदल्यात बिशप कोण हे तुम्ही सुचवा. गोव्याचं धर्मपीठ याच व्यवस्थेतलं, आणि ते स्थापन करणारा पोपचा आदेश आहे ३ नोव्हेंबर १५३४ चा. याच महिन्यात लंडनची संसद हेन्रीला चर्चचा प्रमुख करणाऱ्या कायद्यावर बसली होती. एका राजानं तोडून घेतलं ते दुसऱ्याला आंदण मिळालं. पुढे वसई, चौल, मुंबई सगळी गोव्याच्या धर्मपीठाखाली, म्हणजे पर्यायानं लिस्बनच्या राजाच्या शब्दाखाली.

आंदण दिलेलं परत मागताना रोमचीही दमछाक झाली. दिवाडी बेटावरचे मातेउश द कास्त्रो यांना रोमनं १६३७ मध्ये बिशप केलं, तर पोर्तुगीजांनी त्यांना जुमानलं नाही. पाद्रोआदोबाहेरची नेमणूक, तीही एका गोंयकाराची! पोपशी न तोडताही राजे पोपला कसे दाराबाहेर उभं करू शकत, ते गोव्याच्या इतिहासात चांगलं दिसतं.

क्लेमंटनं हवा तो निवाडा दिला असता तर?

तर इंग्लंड बहुधा आणखी काही काळ कॅथलिक राहिलं असतं. त्यापुढचं सांगणं म्हणजे पत्रिका बघणं.

सहा बायकांचं काय?

कॅथरिन आणि अ‍ॅन यांच्याशिवाय उरलेल्या चौघींचा या प्रश्नाशी फारसा संबंध नाही. जेन सीमोरपासून १५३७ मध्ये मुलगा झाला, एडवर्ड, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

ब्रिटिश नाण्यांवर ‘एफ. डी.’ का असतं?

तिकडे राहणाऱ्यांनी खिशातलं एक पौंडाचं नाणं काढून राजाच्या डोक्याभोवतीची अक्षरं वाचावीत. ‘एफ. डी.’ म्हणजे लॅटिनमध्ये ‘धर्मरक्षक’. १५२१ मध्ये पोपनं दिलेला तोच किताब. पोपशी बिनसल्यावर हेन्रीनं तो परत केला नाही; १५४४ मध्ये संसदेकडून स्वतःच्या नावावर कायम करून घेतला.

शेवटी हेन्री स्वतःला काय समजत होता?

चांगला कॅथलिक. फक्त पोप नसलेला. जानेवारी १५४७ मध्ये तो मेला तेव्हा त्याच्या मृत्युपत्रात विंडसरला आपल्या आत्म्यासाठी जग असेपर्यंत रोज मिस्सा व्हावी अशी सोय होती, आणि त्यासाठी वर्षाला ६०० पौंड उत्पन्नाच्या जमिनी लावून दिल्या होत्या. त्याच वर्षी डिसेंबरात, नऊ-दहा वर्षांच्या एडवर्डच्या नावानं राज्य चालवणाऱ्यांनी मृतांसाठी मिस्सा म्हणवून घेण्याच्या देणग्या बुडवणारा कायदा केला. त्यावर रोमकडे दाद मागायची सोय हेन्रीनंच बंद केलेली होती.